अ‍ॅक्रिंग्टनचा धागा

कृत्रिम तंतूंचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा अमेरिकेतील विल्मिंग्टन या शहरापासून आरंभ करतात, ड्यू पाँ कंपनीच्या तेथील प्रयोगशाळेत नायलॉन कसे जन्मास आले याचे सविस्तर वर्णन करतात, आणि पुढे निघालेल्या इतर तंतूंची वासलात त्याच शोधाच्या शाखा-उपशाखा म्हणून दोन ओळींत लावतात. नायलॉनचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु आज जगात निपजणाऱ्या कृत्रिम तंतूंत ज्याचा वाटा सर्वांत मोठा आहे, ज्याला इंग्लंडात टेरिलीन, अमेरिकेत डेक्रॉन आणि आपल्याकडे प्रथम टेरीन व पुढे सरसकट पॉलिएस्टर म्हटले गेले, त्याचा उगम लँकेशायर परगण्यात अ‍ॅक्रिंग्टन या गावी, चीट छापणाऱ्यांच्या एका लहानशा प्रयोगशाळेत झाला. विल्मिंग्टनच्या विद्वानांनी जी वाट अर्धी चालून सोडली होती, ती कापडाच्या धंद्यातील माणसाने शेवटास नेली, आणि कापडाला धुलाई, इस्त्री व रंग यांचे काय काय सोसावे लागते याचे नित्याचे ज्ञान त्याच्या गाठीशी होते म्हणूनच ती त्याच्या हातून शेवटास गेली, असे माझे मत आहे.

रेशमाच्या किड्याप्रमाणे मनुष्यालाही चिकट द्रवातून तंतू ओढता येईल, ही कल्पना जुनी आहे. रॉबर्ट हुक याने १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या सूक्ष्मदर्शनविषयक ग्रंथात ती स्पष्ट शब्दांत मांडली होती. पाश्चरचा शिष्य शार्दोने याने १८८४ मध्ये कृत्रिम रेशमाची सनद मिळवली आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात ते रेशीम लोकांना दाखवले. १८९२ मध्ये क्रॉस, बेव्हन व बीडल या इंग्रज रसायनज्ञांनी लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोज बनवण्याची रीत शोधली, आणि त्यातूनच पुढे रेयॉनचा मोठा धंदा उभा राहिला. परंतु या सर्व तंतूंचे मूळ द्रव्य वनस्पतीनेच घडवलेले होते. झाडाने रचलेली सेल्युलोजची साखळी विरघळवून पुन्हा घट्ट करणे एवढेच मनुष्याचे काम होते. ती साखळी स्वतः रचण्याची विद्या त्याच्याजवळ नव्हती, आणि अशी साखळी अस्तित्वात असते हेही रसायनशास्त्रातील बहुसंख्य अधिकारी पुरुष त्या काळी मानीत नव्हते.

हेरमान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० मध्ये, रबर, सेल्युलोज यांसारखे पदार्थ हे लहान रेणूंचे सैल पुंजके नसून हजारो अणूंच्या सलग साखळीने बनलेले महारेणू आहेत असे प्रतिपादन केले, तेव्हा त्याच्या समव्यवसायींनी त्यास कडाडून विरोध केला. नोबेल पारितोषिक त्यास मिळाले ते १९५३ मध्ये. त्याचे मत प्रयोगाने सिद्ध करायचे तर साध्या, परिचित अभिक्रियांनी एकेक दुवा जोडीत तशी साखळी प्रत्यक्ष बांधून दाखवावी, हा विचार वॉलेस कॅरोदर्स या तरुण अमेरिकन रसायनज्ञाच्या मनात आला, आणि हार्वर्ड विद्यापीठातील अध्यापन सोडून १९२८ मध्ये तो ड्यू पाँच्या नोकरीत आला तो तेथे मूलभूत संशोधनाची मुभा मिळाली म्हणून. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगाने एस्टर बनते ही गोष्ट विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. दोन्ही टोकांना क्रियाशील असणारी आम्ले व अल्कोहोले घेतली तर ती एकमेकांना जोडली जात राहतील, हे कॅरोदर्सने ओळखले. १९३० च्या एप्रिल महिन्यात त्याचा सहकारी ज्युलियन हिल याने अशा एका पॉलिएस्टरच्या रसात कांडी बुडवून वर ओढली तेव्हा लांब धागा निघाला, आणि तो धागा गार झाल्यावर ताणला असता तुटण्याऐवजी मूळच्या कित्येक पट लांबून अधिकच चिवट झाला. ताणण्यापूर्वी अस्ताव्यस्त पडलेले महारेणू ताण बसताच दिंडीतल्या वारकऱ्यांसारखे एका दिशेने तोंड करून ओळीने उभे राहतात. पुढील सर्व कृत्रिम तंतूंचे बळ या एका निरीक्षणावर अधिष्ठित आहे.

परंतु हा पहिला धागा कापडाच्या कामाचा नव्हता. पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही खाली तो वितळे, कोरड्या धुलाईच्या द्रवांत विरघळे आणि गरम पाण्यात खराब होई. ज्या वस्त्राला इस्त्री लावता येत नाही आणि जे परटाकडे देता येत नाही त्याला कोण विचारणार? कॅरोदर्सने पॉलिएस्टरचा नाद सोडला व तो पॉलिअमाइडांकडे वळला. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी त्याच्या प्रयोगशाळेत जे द्रव्य तयार झाले तेच नायलॉन. विषण्णतेच्या विकाराने ग्रस्त असलेल्या या असामान्य पुरुषाने १९३७ च्या एप्रिलमध्ये विष घेऊन देह ठेवला, आणि नायलॉनची जाहीर घोषणा त्याच्या पश्चात, १९३८ मध्ये झाली. १९४० च्या मे महिन्यात नायलॉनचे पायमोजे अमेरिकेच्या पेठांत विकावयास आले आणि लवकरच युद्धाने तो सगळा धागा हवाई छत्र्यांसाठी ओढून घेतला.

आता अ‍ॅक्रिंग्टनकडे वळू. लँकेशायरातील कापड छापणाऱ्या शेहेचाळीस कारखानदारांनी १८९९ मध्ये एकत्र येऊन कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन ही संस्था स्थापन केली होती, आणि अ‍ॅक्रिंग्टनमधील ब्रॉड ओक येथील छापखाना तिच्याच मालकीचा होता. लँकेशायरचे भाग्य बव्हंशी हिंदुस्थानच्या बाजारपेठेवर अवलंबून होते हे मराठी वाचकाला सांगण्याची आवश्यकता नाही. पहिल्या महायुद्धानंतर आपल्या गिरण्यांचे उत्पादन वाढले, जपानी माल आला, वाढीव जकात बसली, आणि त्यावर परदेशी कापडाच्या बहिष्काराची चळवळ झाली. या साऱ्यांचा एकत्रित आघात त्या परगण्यावर इतका बसला की १९३१ च्या सप्टेंबरात महात्मा गांधी गोलमेज परिषदेनिमित्त विलायतेस गेले असता मुद्दाम लँकेशायरात जाऊन डार्वेन येथे बेकार कामगारांना भेटले. त्या मजुरांनी त्यांचे केलेले प्रेमळ स्वागत दोन्ही देशांच्या इतिहासात आदराने नमूद करण्याजोगे आहे. डार्वेन आणि अ‍ॅक्रिंग्टन ही एकाच मुलखातली, जवळजवळची गावे. असा हा उतरती कळा लागलेला धंदा आणि त्या धंद्याच्या पदरी असलेला जॉन रेक्स विन्फिल्ड नावाचा एक रसायनज्ञ.

विन्फिल्डचा जन्म १९०१ चा. केंब्रिजचे शिक्षण संपल्यावर त्याने क्रॉस आणि बेव्हन यांच्या प्रयोगशाळेत उमेदवारी केली; ज्यांनी व्हिस्कोज शोधले त्यांच्याच प्रयोगशाळेत त्याला तंतूंच्या रसायनाची गोडी लागली हा धागा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९२४ मध्ये तो छापखान्यांच्या त्या संघात नोकरीस लागला. कॅरोदर्सचे निबंध प्रसिद्ध होत होते तसे तो ते वाचीत होता, आणि सोडून दिलेल्या पॉलिएस्टरांविषयी त्याच्या मनात एकच प्रश्न घोळत होता: दोष पॉलिएस्टर या जातीचा आहे, की त्यासाठी निवडलेल्या आम्लांचा? कॅरोदर्सने मुख्यत्वे वापरलेली आम्ले सरळ, लवचीक कार्बनसाखळीची होती, म्हणून त्यांचा तंतूही थोड्या उष्णतेने ढिला पडे. बेंझीनचे कडे असलेले थॅलिक आम्लही विल्मिंग्टनला वापरून पाहिले गेले होते. पण त्यात आम्लाचे दोन गट कड्यावर शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे साखळी प्रत्येक दुव्याशी वाकते आणि असल्या वाकड्या साखळ्या एकमेकींना खेटून नीट रचल्या जात नाहीत. टेरेफ्थॅलिक आम्लात हेच दोन गट कड्याच्या समोरासमोरच्या टोकांना असतात. तेव्हा साखळी सरळ होईल, कड्यामुळे ताठ राहील, सममितीमुळे स्फटिकासारखी बसेल आणि वितळण्यास पुष्कळ अधिक उष्णता मागेल, असे विन्फिल्डने अनुमान बांधले. त्या काळी हे आम्ल दुर्मिळ होते आणि ते शुद्ध करणे कष्टाचे होते.

१९४१ साली, बाहेर युद्ध पेटलेले असताना, विन्फिल्ड आणि त्याचा सहायक जेम्स टेनंट डिक्सन यांनी टेरेफ्थॅलिक आम्ल व एथिलीन ग्लायकॉल एकत्र तापवून एक मळकट, डागाळलेले द्रव्य मिळवले, त्यातून धागा ओढला, तो ताणला, आणि अनुमान खरे ठरले: हा तंतू सुमारे २६० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नव्हता, पाण्याने बिघडत नव्हता आणि बळकट होता. त्याच वर्षी जुलैत सनदेसाठी अर्ज गेला. पण युद्धकाळ असल्यामुळे तो दस्तऐवज सरकारी दप्तरात गुप्त राहिला आणि १९४६ मध्ये प्रकट झाला. छापणाऱ्यांच्या संघाजवळ एवढे मोठे रसायन-कारखाने उभारण्याचे बळ नव्हते. म्हणून अमेरिकेचे हक्क ड्यू पाँने आणि उरलेल्या जगाचे हक्क इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीने घेतले. ड्यू पाँचा कारखाना १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील किन्स्टन येथे आणि इंग्रज कंपनीचा १९५५ मध्ये विल्टन येथे चालू झाला. ज्या कंपनीने पॉलिएस्टरची वाट सोडली होती तिला तीच वाट मोल देऊन परत घ्यावी लागली.

शोध लागला म्हणजे वस्त्र सिद्ध झाले असे मात्र नव्हे, आणि इतिहासकारांनी ज्या कामगिरीची पुरेशी दखल घेतली नाही ती येथून सुरू होते. सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा हवेतून धरून ठेवतो. हा नवा तंतू अर्धा टक्काही धरीत नाही. कपडा चटकन वाळण्याचा त्याचा गुण याच स्वभावातून येतो, आणि घाम न शोषणे, कोरड्या हवेत विद्युतभार साठून अंगाला चिकटणे व रंग न पिणे हे त्याचे दोषही त्यातूनच येतात. रंगाची अडचण सर्वांत बिकट होती. कापसाला लागणारे पाण्यात विरघळणारे रंग त्याला मुळीच चढेनात. तेव्हा १९२० नंतरच्या दशकात अ‍ॅसिटेट रेयॉनसाठी निघालेले, पाण्यात सूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगणारे रंग घ्यावे लागले आणि तेही बंद भांड्यात दाबाखाली सुमारे १३० अंशांपर्यंत तापवून तंतूच्या गाभ्यात मुरवावे लागले. कापडावर बोंडे धरू नयेत म्हणून साखळीची लांबी आखडती घेणे, ताणून धरलेले कापड उष्णतेने पक्के करणे, धाग्याला कुरळेपणा देऊन लोकरीसारखी ऊब आणणे, ही सारी कामे रंगारी, कातणारे आणि गिरण्यांतले तंत्रज्ञ यांनी कित्येक वर्षे खपून केली. आणि मिश्रण हा तर त्यांचा मोठाच विजय: ६७ भाग पॉलिएस्टर व ३३ भाग कापूस, किंवा ५५ भाग पॉलिएस्टर व ४५ भाग लोकर, ही प्रमाणे जगभर रूढ झाली. एक दोष मात्र मिश्रणाने गेला नाही. हा तंतू जळताना वितळतो आणि कातडीला चिकटतो. स्टोव्हजवळ उभ्या राहणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना कृत्रिम धाग्याच्या साडीने जे भोगावे लागले ते या इतिहासातून वगळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

मुंबईशी या विद्येचे नाते निव्वळ ग्राहकाचे नव्हते. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये निघाला तेव्हा त्यातील आरंभीच्या दोन अभ्यासक्रमांपैकी एक वस्त्ररसायनाचा होता, आणि गिरणगावातल्या रंगखात्यांना शिकलेली माणसे तेथून मिळू लागली. स्वातंत्र्यानंतर कल्याणजवळ मोहने व शहाड येथे रेयॉनचे, गोरेगावला नायलॉनचे कारखाने उभे राहिले. वरळीस कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांची सास्मिरा ही संशोधनसंस्था निघाली. आणि साठोत्तरी दशकात ठाण्यास, त्याच इंग्रज कंपनीच्या सहकार्याने, टेरीनचे उत्पादन चालू झाले. त्याआधी नायलॉन व टेरिलीनचे कापड परदेशी मालच होते, आणि पोर्तुगीज अमलातील गोव्यात अशा मालावरचे निर्बंध सैल असल्यामुळे ते तेथून चोरट्या वाटांनी सरहद्दीच्या अलीकडे येई. टेरीन-कापसाच्या मिश्र कापडाचा, म्हणजे टेरिकॉटचा, सदरा लग्नात जावयाला आहेर करावा, तो घडीवर ठेवून सणावारी काढावा, असा त्याचा मान होता.

सरकारी दप्तरात हा धागा दीर्घकाळ चैनीची वस्तू गणला गेला आणि त्यावर भारी अबकारी कर बसत राहिला. कापूस पिकवणारा शेतकरी आणि हातमागवाला यांच्या रक्षणाचा हेतू त्यामागे होता व तो हेतू क्षुद्र नव्हता. १९८२ मध्ये मात्र रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे ड्यू पाँच्या तंत्रज्ञानाने पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी १८ जानेवारीपासून मुंबईच्या सुती गिरण्यांत तो संप चालू झाला ज्यातून कित्येक गिरण्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. एकामुळे दुसरे घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण गिरण्यांची दुखणी फार जुनी होती; परंतु एका तंतूचा अस्त आणि दुसऱ्याचा उदय एकाच परिसरात, एकाच वर्षी दिसावा असे प्रसंग औद्योगिक इतिहासात थोडे. १९८५ च्या वस्त्रधोरणाने कापूस व कृत्रिम तंतू यांच्यातील भेद पुष्कळसा सैल केला. भिवंडी आणि मालेगावच्या यंत्रमागांवर पॉलिएस्टरचे ताणे चढले, आणि ज्या धाग्यावर श्रीमंतांची चैन म्हणून कर बसत होता त्याचीच साडी खेड्यापाड्यांतील मजूर बायका नेसू लागल्या, कारण ती थोड्या पाण्यात धुऊन निघते, रात्री वाळत घातली तर सकाळी नेसता येते आणि कामाच्या ओढाताणीत लवकर विरत नाही.