व्हॉलीबॉल : नव्या फळीची घडी बसताना

बुलडाणा जिल्ह्यात 'राजा' हे उपपद मिरवणाऱ्या गावांपैकी सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा ही तालुक्याची गावे सर्वपरिचित आहेत. खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा त्या मानाने कमी ठाऊक. पुण्या-मुंबईच्या वाचकाची तर नाशिकच्या पिंपळगाव बसवंतशी गल्लत होण्याचीच शक्यता अधिक. कापूस, सोयाबीन आणि मक्याच्या या पट्ट्यात व्हॉलीबॉल हा खेळ ज्या सहजतेने रुजला, त्याचे कारण त्याच्या साधेपणात आहे. १८ मीटर लांब व ९ मीटर रुंद जागा, दोन खांब, एक जाळी आणि एक चेंडू एवढ्यावर बारा जणांची संध्याकाळ रंगते. हा खेळ गावच्या मैदानावरून महाविद्यालयाच्या संघात जातो, तेव्हा मात्र तो साधा राहत नाही. जून-जुलैत शैक्षणिक वर्ष सुरू होते, तिसऱ्या वर्षाचे खेळाडू पदवी घेऊन गेलेले असतात आणि उरलेल्यांतून नवी फळी उभी करताना शारीरिक शिक्षण संचालकांपुढे दरवर्षी तेच कोडे नव्याने पडते.

या भागातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. नागपूर विद्यापीठातून वेगळे होऊन १ मे १९८३ रोजी हे विद्यापीठ अस्तित्वात आले. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे त्याच्याकडे आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतील कामगिरी पाहून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो आणि तेथे पात्र ठरल्यास अखिल भारतीय स्पर्धेत जातो. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवले. त्याचे निकष वरच्या स्तरावरील कामगिरी पाहतात, हे खरे. तरी ग्रामीण महाविद्यालयातील मुलासाठी त्या शिडीची पहिली पायरी आंतरमहाविद्यालयीन सामना हीच आहे. ही स्पर्धा बहुधा दोन-तीन दिवसांत उरकते. पहिल्याच सामन्यात फळी विस्कटली, तर त्या मुलाचे वर्ष तेथेच संपते.

फिरती जागा

व्हॉलीबॉलमधील संघरचना क्रिकेटच्या फलंदाजीच्या क्रमासारखी कागदावर ठरते, परंतु ती सतत फिरत राहते. मैदानावरील सहा जागांना क्रमांक आहेत. पिछाडीची उजवी जागा १, तेथूनच सर्व्हिस होते. जाळीजवळ उजवीकडे २, मधोमध ३, डावीकडे ४. पिछाडीला डावीकडे ५ आणि मध्ये ६. प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवर गुण जिंकला की संघ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एक जागा सरकतो. २ वरचा खेळाडू १ वर येऊन सर्व्हिस करतो, १ वरचा ६ वर जातो, याप्रमाणे. प्रत्येक डावाआधी प्रशिक्षकाला रचनेचे पत्रक भरून, स्वाक्षरी करून द्यावे लागते. ते एकदा दिले की नियमित बदली खेळाडू उतरविण्याखेरीज त्यात बदल होत नाही.

सहा खेळाडू सहा जागांवर ७२० प्रकारे उभे राहू शकतात. प्रत्यक्षात प्रशिक्षकाची निवड फार अरुंद असते. प्रचलित '५-१' पद्धतीत एकच सेटर असतो. आपल्याकडे जुने खेळाडू त्याला अजूनही 'लिफ्टर' किंवा 'बूस्टर' म्हणतात. त्याच्या बरोबर समोरच्या कोनात 'ऑपोझिट' म्हणजे उजव्या बाजूचा आक्रमक, दोन मधले ब्लॉकर एकमेकांच्या समोरासमोर आणि दोन बाहेरचे आक्रमकही तसेच. ही चौकट पाळली की ७२० पैकी ४८ रचना उरतात. त्यांतूनही सर्वोत्तम आक्रमक सेटरच्या कोणत्या बाजूला ठेवायचा, नवखा कोणाच्या आडोशाला लपवायचा, हा विचार केला की हाती चार-पाचच पर्याय राहतात.

सेटर पिछाडीला असताना जाळीजवळ तीन आक्रमक असतात. तो आघाडीच्या फळीत आला की दोनच. सहा फेऱ्यांपैकी तीन समृद्ध आणि तीन तंगीच्या, असा हा हिशेब आहे. त्यामुळे आपली सर्व्हिस पहिली असेल तर सेटरला १ वर आणि प्रतिस्पर्ध्याची असेल तर २ वर उभे करण्याचा प्रघात आहे. २ वर उभा केलेला सेटर पहिली सर्व्हिस परतवून गुण मिळताच सरकून १ वर येतो आणि तीन आक्रमकांची फेरी लगेच सुरू होते. नाणेफेकीनंतर पत्रक भरताना घाईत हा भेद विसरणारे संघ दरवर्षी आढळतात.

जुने वळण

ग्रामीण भागातील नव्या खेळाडूंची एक अडचण शहरातील प्रशिक्षकांच्या चटकन लक्षात येत नाही. विदर्भ, खान्देश, मराठवाड्यात शूटिंगबॉल हा खेळ लोकप्रिय आहे. त्यात प्रत्येक खेळाडूची जागा ठरलेली असते आणि वर्षानुवर्षे तो त्याच जागेवर तयार होतो. नेटवरचा गडी नेटवर, मागचा मागे. अशा मुलाची चेंडूवरची नजर आणि मनगटातील ताकद वाखाणण्यासारखी असते. परंतु फिरत फिरत आपण आता पिछाडीला आलो आहोत, म्हणून ३ मीटरच्या आक्रमण रेषेच्या पुढे उडी घेऊन जाळीच्या उंचीवरचा चेंडू मारता येणार नाही, हे भान त्याला सुरुवातीला राहत नाही. गुण मिळाल्याच्या आनंदात तो परत वळतो, तोच पंचांचा हात उठलेला असतो.

आशियात व्हॉलीबॉल नऊ-नऊ जणांनी खेळण्याचीही जुनी परंपरा होती आणि जपानमध्ये ती आजही टिकून आहे. सहा जणांचा फिरता खेळ हे आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉलचे रूप. विल्यम मॉर्गन याने १८९५ मध्ये अमेरिकेतील होल्योक येथे, वायएमसीएच्या व्यायामशाळेत, हा खेळ शोधला तेव्हा संघातील खेळाडूंची संख्याही ठरलेली नव्हती. भारतात तो वायएमसीएच्याच मार्फत आला. विदर्भात मैदानी खेळांच्या प्रशिक्षणाची वाट अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने रुंद केली. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती. या विभागातील महाविद्यालयांचे अनेक शारीरिक शिक्षण संचालक तेथेच घडले आहेत.

सेटर गेला की

नव्या हंगामातील सर्वांत मोठे नुकसान स्मॅशर गेल्याचे नसते, असे जाणकार सांगतात. आणि ते पटण्यासारखे आहे. उंच मुलगा पुढच्या वर्षी दुसरा सापडतो. सेटर तयार व्हायला मात्र दोन वर्षे लागतात. कोणाला चेंडू जाळीला चिकटून हवा, कोणाला हातभर दूर, कोण लवकर उडतो, कोणाला थोडा थांबून मारायची सवय आहे, हे सारे त्याच्या बोटांना ठाऊक असते. नवा सेटर आला की आक्रमकांची उडी आणि चेंडूची उंची यांचा मेळ तुटतो. त्यामुळे हंगामाच्या आरंभी जलद चेंडूंचा मोह टाळून उंच, संथ सेट देणे शहाणपणाचे ठरते. असा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या ब्लॉकलाही सोपा जातो, ही त्याची किंमत. तरीही जो चेंडू मारताच येत नाही, त्यापेक्षा अडवला जाण्याची शक्यता असलेला चेंडू बरा.

दोन सेटर घेऊन '६-२' पद्धतीने खेळावे, असा पर्याय अनेकदा सुचविला जातो. पिछाडीला असलेला सेटर चेंडू उचलतो आणि दुसरा आघाडीला आक्रमक म्हणून खेळतो. म्हणजे प्रत्येक फेरीत जाळीजवळ तीन आक्रमक. अमेरिकेच्या महाविद्यालयीन महिला व्हॉलीबॉलमध्ये ही पद्धत बरीच दिसते. परंतु तेथे एका डावात १५ बदल्या करता येतात आणि लिबेरोला एका जागेवरून सर्व्हिसही करता येते. त्यामुळे ठेंगणा सेटर पुढे येताच त्याच्या जागी उंच आक्रमक आणणे तेथे वारंवार शक्य होते. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियम चालतात. डावात सहाच बदल्या. मूळ खेळाडू एकदा बाहेर गेला तर एकदाच, तोही आपल्याच जागी परत येऊ शकतो. सेटर आणि ऑपोझिट या जोडीची अदलाबदल केली की दोन बदल्या खर्च होतात, त्यांना परत आणले की आणखी दोन. तिसऱ्यांदा तो डाव टाकायला नियमच आडवा येतो. म्हणून आपल्याकडे '६-२' खेळायची तर दोन्ही सेटरना स्मॅश मारता आला पाहिजे. असे दोन खेळाडू एका ग्रामीण महाविद्यालयात एकाच वेळी असणे हा भाग्ययोगच.

खरी कसोटी सर्व्हिस घेताना लागते. पूर्वी केवळ सर्व्हिस करणाऱ्या संघालाच गुण मिळत असे; चूक झाली तरी कित्येकदा केवळ सर्व्हिस जाई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक रॅलीला गुण देण्याची पद्धत आली आणि २५ गुणांचा डाव सुरू झाला. तेव्हापासून दोन खेळाडूंच्या मधोमध पडलेला प्रत्येक चेंडू थेट फलकावर उमटतो. नव्या संघात हेच चेंडू सर्वाधिक पडतात. 'माझा' म्हणून ओरडायचे कोणी आणि 'सोड' म्हणायचे कोणी, हे ठरलेले नसते. नवखा मुलगा तृतीय वर्षाच्या खेळाडूपुढे ओरडायला बिचकतो, हा भाग वेगळाच.

इंग्रजी 'डब्ल्यू' अक्षराच्या आकारात पाच जणांनी सर्व्हिस घेण्याची जुनी पद्धत शाळांतून अजून शिकविली जाते. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकन पुरुष संघाने कार्च किराय आणि आल्डिस बर्झिन्स या दोघांवरच सर्व्हिस घेण्याची जबाबदारी टाकून जगाला चकित केले होते. कारण सरळ होते. माणसे कमी, तर त्यांच्यामधल्या फटीही कमी. आज तिघांनी सर्व्हिस घेणे रूढ आहे. १९९८ मध्ये आलेल्या लिबेरोने ते सुकर केले. वेगळ्या रंगाचा पोशाख घालणारा हा बचावपटू पिछाडीच्या कोणाही खेळाडूच्या जागी येऊ शकतो आणि ती अदलाबदल सहा बदल्यांत मोजली जात नाही. शेतकऱ्याच्या घरातील पाच फूट चार इंचांच्या चपळ मुलाला या खेळात मानाची जागा मिळाली, ती या एका नियमामुळे.

जागेच्या चुका हा नव्या फळीचा आणखी एक ठेवणीतला दोष. पिछाडीला १ वर असलेला सेटर २ वरच्या खेळाडूच्या मागे दडून उभा राहतो आणि सर्व्हिसच्या क्षणी जाळीकडे धावतो. तो क्षणभर आधी निघाला तर गुण आणि सर्व्हिस दोन्ही जातात. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०२५ ते २०२८ या कालावधीच्या नियमावलीने सर्व्हिस करणाऱ्या संघाला हवे तेथे उभे राहण्याची मुभा दिली आहे. सर्व्हिस घेणाऱ्या संघावरील बंधन कायम आहे. नवखा संघ अडखळतो तो नेमका तेथेच. चुकीच्या खेळाडूने सर्व्हिस केल्यास तर शिक्षा अधिक कडू असते. चूक कोणत्या क्षणी झाली हे गुणलेखकाला निश्चित सांगता आले, तर त्यानंतर त्या संघाने मिळविलेले गुण रद्द होतात. प्रतिस्पर्ध्याचे मात्र कायम राहतात.

पाऊस आणि सुगी

हे सारे सरावातून सुटावे, तर सरावालाच वेळ कमी. जुलै-ऑगस्टमध्ये या भागातील काळ्या मातीचे मैदान चिखल होऊन बसते. मुरूम टाकून दाबलेले मैदान असेल तर उघडीप मिळताच खेळता येते. नसेल तर पोळ्यापर्यंत वाट पाहावी लागते. त्यानंतर सोयाबीनची सोंगणी आणि पाठोपाठ कापसाची वेचणी सुरू होते. हात कमी पडतात तेव्हा घरची मुले शेतात जातात आणि सायंकाळच्या सरावाला सहाऐवजी चारच खेळाडू उरतात. चौघांत फेरी फिरविता येत नाही. चतुर संचालक अशा वेळी सेटर आणि दोन आक्रमक एवढ्यांचाच मेळ घोटून घेतात आणि खडूने आखलेल्या मैदानावर उरलेल्यांना, चेंडू न घेता, नुसते सहा फेऱ्या चालायला लावतात. दिसायला ते हास्यास्पद वाटते. पण सामन्यात पंचांची शिट्टी कमी वाजते.

संख्येचा प्रश्न येथेच संपत नाही. बाराची मुभा असताना आठ-नऊ जण घेऊन स्पर्धेला जाणारे संघ आजही आहेत. सामन्यात एखाद्याचा घोटा मुरगळला, नियमित बदलीचा मार्ग उरला नसला, तर अपवादात्मक बदलीची सोय आहे. मात्र मैदानाबाहेर उतरविण्याजोगा खेळाडू शिल्लक असला पाहिजे. सहा जण पूर्ण होत नसतील तर संघ 'अपूर्ण' ठरतो आणि तो डाव, पुढे जाऊन सामनाही, प्रतिस्पर्ध्याला दिला जातो. त्यामुळे अशा संघाचा प्रशिक्षक पत्रक भरताना पहिल्या सहांइतकाच विचार सातव्या आणि आठव्या नावाचा करतो. दोन जागांवर खेळू शकणारा, उंची बेताची, पण सर्व्हिस न चुकविणारा मुलगा तो शोधतो. गावच्या मैदानावर असा मुलगा सहसा कोपऱ्यात उभा राहून चेंडू आणून देत असतो.