आंतररेण्वीय आकर्षणे

आंतररेण्वीय आकर्षणे म्हणजे इलेक्ट्रॉनांची भागीदारी न होता दोन रेणूंमध्ये निर्माण होणारी आकर्षणे होत. पाणी उकळते तेव्हा हीच तुटतात. रेणूतील ऑक्सिजन-हायड्रोजन बंध शाबूत राहतो. तो तोडण्यास सुमारे ४६० किलोजूल प्रति मोल ऊर्जा लागते, तर पाण्याच्या दोन रेणूंमधील हायड्रोजन बंधास सुमारे २० पुरते.

ध्रुवीय रेणूंची विरुद्ध भारित टोके परस्परांस ओढतात, हे द्विध्रुव आकर्षण. फ्लोरिन, ऑक्सिजन वा नायट्रोजनला जोडलेला हायड्रोजन दुसऱ्या रेणूतील अशाच अणूकडे ओढला गेल्यास ते विशेष प्रबळ होते. त्यास हायड्रोजन बंध म्हणतात. त्यामुळेच पाणी १०० अंश सेल्सिअसला, तर हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंशांना उकळते. अध्रुवीय रेणूंतही इलेक्ट्रॉनांच्या हालचालीमुळे क्षणिक द्विध्रुव उद्भवतात. त्यांतून निर्माण होणाऱ्या बलाचे पुंजयामिकीय स्पष्टीकरण फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये दिले.

लंडन बलास सरसकट सर्वांत दुर्बल मानण्याचा प्रघात मात्र फसवा आहे. क्लोरोफॉर्म ध्रुवीय असूनही ६१ अंशांना, तर अध्रुवीय कार्बन टेट्राक्लोराइड ७७ अंशांना उकळते. रेणूतील इलेक्ट्रॉन वाढले की हे बलही सामान्यतः वाढते. म्हणून बलांची तुलना साधारण सारख्या आकाराच्या रेणूंमध्येच करणे योग्य.

एकाच रेणूच्या दोन भागांतील हायड्रोजन बंधाची ऊर्जा प्रयोगाने थेट मोजता येत नाही. पुणे विद्यापीठातील श्रीधर गद्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रेणूचे गणिताने लहान तुकडे पाडून, त्यांच्या ऊर्जांवरून बंधाची ऊर्जा काढण्याची पद्धत विकसित केली.