जुनी गाडी ओढत नाही? इंजिन उतरवण्याआधी एवढं तपासा

कांद्याच्या हंगामात राहुड घाटात हे नेहमी दिसतं. मागे गोण्या टाकलेली जुनी जीप तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात येते आणि मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवत बसतात. गॅरेजला नेली की बऱ्याचदा पहिला शब्द कानावर येतो, "इंजिन काम मागतंय." इंजिनचं काम म्हणजे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि हेड. एवढ्या पैशात पेरणी उरकते. पण ओढ जाण्याची बरीच कारणं इंजिनच्या बाहेर असतात आणि त्यातली निम्मी आपण घरच्या ओट्यासमोर ओळखू शकतो.

आधी एक ठरवा. ताकद इंजिनातच तयार होत नाही, की तयार होऊन चाकापर्यंत पोचत नाही? रेस दिल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, घाटात जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरतेय. सपाट जागेवर हँडब्रेक पक्का ओढा, समोर माणूस किंवा जनावर नको. तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा आणि थोडी रेस द्या. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच बरा आहे. चालूच राहिलं तर प्लेट गेली. हे एकदाच करायचं, पुन्हा पुन्हा केलं तर उरलीसुरली प्लेटही जळते.

ब्रेक धरून बसला असेल तरी गाडी जड जाते. दहा किलोमीटर चालवून थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या, चिकटवू नका, भाजेल. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं असेल तर दोष तिथे आहे. सपाटीवर न्यूट्रल करून ढकलून पाहिलं तरी कळतं.

चाकं मोकळी आणि क्लच चांगला असेल तर मग इंजिनकडे वळा, आणि पहिल्यांदा सायलेन्सरच्या तोंडाकडे बघा. चढाला काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी पडतेय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर येतोच, पण गरम झाल्यावरही येत राहिला तर डिझेल पूर्ण जळत नाही किंवा रेडिएटरचं पाणी आत जातंय. धूर अजिबात नाही आणि तरी गाडी मरते, तर तिला डिझेलच पुरत नाही असं समजा.

माझ्या २००५ सालच्या जीपचं हेच झालं होतं. सुरू केली की दोन-तीन किलोमीटर छान, चढ लागला की दम सोडायची, बंद करून दहा मिनिटं थांबलं की परत सरळ. एका गॅरेजमध्ये पंप आणि नोझल काढून दिले, १६ हजार मोजले. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी गावातल्या ट्रॅक्टरच्या फिटरने टाकी उतरवली. डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची जाळी काळ्या गाळाने बुजलेली होती. गाडी चालू असताना गाळ जाळीला चिकटायचा, थांबली की सुटून खाली बसायचा. टाकी धुतली, जाळी साफ केली, अर्धा दिवस गेला. तेव्हापासून पंपाला हात लावायच्या आधी टाकीपासून पंपापर्यंतची वाट बघायची, हा माझा नियम आहे.

त्या वाटेवर डिझेल फिल्टर येतो. त्याच्या तळाशी पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात, आणि कॅनमधलं साठवलेलं डिझेल वापरत असाल तर नेहमीच, तो सोडून पाणी काढा. टाकीचं झाकण उघडताना जोरात सूं आवाज येऊन हवा आत गेली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. झाकण सैल ठेवून थोडं चालवा, गाडी सुधारली तर रोग सापडला. नळीला बारीक चीर असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. म्हणून नळी कोरडी दिसते तरी गाडी हवा धरते.

आता हवेची बाजू. आपल्याकडची कच्च्या रस्त्याची आणि मळणीची धूळ एअर फिल्टरला लवकर भरते. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदराने चिंध्या भरलेल्याही मी पाहिल्यात. कागदी फिल्टर आतून बाहेर, कमी दाबाच्या हवेने फुंकायचा. फाटला असेल तर बदला. फिल्टर काढून गाडी हलकी पळते म्हणून तशीच चालवणारे काही जण आहेत. ती धूळ लायनर खाते, मग खरोखर इंजिन काम मागतं.

टर्बोच्या गाडीत टर्बोपासून निघणारे जाड रबरी पाइप हात फिरवून बघा. जोडाला ऑइल आणि धूळ चिकटलेली, चढाला फुसफुस आवाज आणि काळा धूर, म्हणजे पाइप चिरलाय किंवा क्लिप ढिली आहे. नवीन टर्बो घ्यायच्या आधी हे पाहाच.

कॉमन रेल इंजिनच्या गाड्यांना एक इशारा. जुने मिस्त्री एकेका नोझलचा पाइप ढिला करून कुठला सिलिंडर मेलाय ते ओळखतात. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असू शकतो, डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते. तिथे पाना लावू नका. इंजिनचा दिवा लागला असेल तर गाडी स्वतःच ताकद कमी करते, त्याला स्कॅनरच लागतो.

पेट्रोलच्या जुन्या मारुती ८०० किंवा ओम्नीत तीनच सिलिंडर आहेत. एक बंद पडला तरी तिसरा हिस्सा ताकद गेली, आणि गाडी थडथडते. प्लग काढून बघा. विटकरी-राखाडी रंग चांगला, काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट प्लग म्हणजे ऑइल वर येतंय. प्लगची वायर चालू इंजिनवर हाताने ओढू नका, झटका बसतो.

हे सगळं ठीक निघालं तरच कॉम्प्रेशनचा विषय. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सावकाश उघडा. भकाभक धूर बाहेर येत असेल, ऑइल कमी होत असेल आणि सकाळी सेल्फला वेळ लागत असेल, तर रिंगा संपल्याची शक्यता मोठी. तरी इंजिन उतरवायला हो म्हणण्याआधी मिस्त्रीला गेज लावून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला सांगा आणि आकडे कागदावर घ्या. एकच सिलिंडर कमी असेल तर कदाचित व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटवर भागतं, सगळेच कमी असतील तर मग पैशाची तयारी ठेवा.