'मर्यादित' या शब्दाची किंमत

२००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपयांत हातात मोबाईल येत होता, आठवतंय? रिलायन्सची 'मान्सून हंगामा' योजना. गंमत म्हणजे, सरकारी कागदावर तो मोबाईल नव्हताच!

झालं असं. लँडलाईनचा परवाना असलेल्या कंपन्यांचं म्हणणं होतं की घरोघरी तार टाकणं महाग पडतं, तर शेवटचा टप्पा बिनतारी करू द्या, सामान्य माणसाला फोन स्वस्त पडेल. जानेवारी २००१ मध्ये सरकारने परवानगी दिली. अट एकच : फिरणं 'मर्यादित'. एखादं शहर किंवा साधारण तालुक्याएवढा भाग, त्याबाहेर फोन चालता कामा नये. म्हणजे पुण्याचा फोन मुंबईत मुका.

पण तंत्रज्ञान होतं सीडीएमए, म्हणजे अस्सल मोबाईलचंच. कुंपण होतं ते फक्त सॉफ्टवेअरमध्ये. आपल्या भाषेत सांगायचं तर फीचर तयार, फ्लॅग बंद.

जीएसएमवाल्यांचा तिळपापड झाला. त्याच वर्षी चौथ्या मोबाईल परवान्यांच्या लिलावात कंपन्यांनी सुमारे १,६०० कोटी मोजले होते, आणि इथे लँडलाईनच्या परवान्यावर मागच्या दाराने प्रवेश! त्यांची संघटना सीओएआय आधी दूरसंचार न्यायाधिकरणात गेली, मग सुप्रीम कोर्टात, मग पुन्हा न्यायाधिकरणात. ८ ऑगस्ट २००३ ला तिथे २ विरुद्ध १ असा निकाल लागला : सेवा चालू द्या, पण कुंपण पाळा.

तोवर लाखो लोकांच्या खिशात ते फोन पोचले होते. आता कुंपण कोण घालणार? नोव्हेंबरमध्ये 'एकीकृत परवाना' आला. फरकाची रक्कम भरा आणि मोबाईल कंपनी व्हा. 'मर्यादित' हा शब्दच गेला.

फोन स्वस्त झाले, हे खरंच. पण धडा असा गेला की आधी ग्राहक गोळा करा, नियम मागून येतो. शिवाय २००१ चीच किंमत २००८ मध्ये नव्या परवान्यांना लावली गेली. पुढे २ फेब्रुवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने १२२ परवाने रद्द केले, तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

या भांडणात दोन्ही बाजू 'ग्राहकहित' म्हणत होत्या. दोघांकडे संघटना होती, वकील होते. ग्राहकाकडे काहीच नव्हतं. २०१५ मध्ये मात्र नेट न्यूट्रॅलिटीसाठी लाखो लोकांनी ट्रायला ईमेल धाडले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेबसाईटनुसार डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी घातली.

म्हणजे लॉबिंग आपल्यालाही जमतं. ट्रायचा पुढचा कन्सल्टेशन पेपर आला की निदान त्यातल्या व्याख्या तरी वाचा. खरी गोम तिथेच असते.