गहाणवट, सोलापूरची

गहाणवट : वस्तू तारण ठेवून पैसे उचलण्याचा व्यवहार. सोलापुरात ही वस्तू बहुधा सोन्याचा डाग, म्हणजे दागिना, असते. डागाचा ताबा सावकाराकडे, सराफाकडे किंवा पतसंस्थेकडे जातो, मालकी मात्र कर्जदाराचीच राहते, आणि मुद्दल व व्याज फेडले की डाग सोडवून आणता येतो. गहाण आणि विक्री यांतला सगळा फरक या परतीच्या हक्कात आहे. सोलापूर जिल्ह्याचा या बाबतीतला दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे हा हक्क बुडवणे आणि राखणे यांतली ओढाताण होय.

भारतीय करार कायद्याने (१८७२) कलम १७२ ते १७९ मध्ये या व्यवहाराचे नियम घातले आहेत. मुदत उलटली म्हणून डाग आपोआप सावकाराचा होत नाही. त्याला कर्जवसुलीचा दावा करता येतो किंवा वाजवी नोटीस देऊन डाग विकता येतो. विक्रीत येणे फिटून वर काही उरले तर ती रक्कम कर्जदाराची. प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत पैसे भरून डाग सोडवण्याचा हक्कही शाबूत असतो. ‘मुदत संपली, डाग बुडाला’ असे ऐकून मुकाट्याने परत फिरणाऱ्यांना हे बहुधा कुणी सांगितलेले नसते.

व्यवहाराची रीत साधी आहे. सराफ डाग काळ्या कसोटीवर घासतो, उमटलेली रेघ ठरावीक कसाच्या रेघेशी ताडून पाहतो आणि तिच्यावर आम्लाचा थेंब सोडतो. हिणकस सोन्याची रेघ फिकी पडते किंवा पुसली जाते. मोठ्या पेढ्यांवर हेच काम आता कॅरेटमीटर करतो. कस ठरला की वजन. इथे जुन्या घडणीचे डाग गिऱ्हाइकाला चकवतात. बोरमाळेचे मणी वरून भरीव दिसतात, पण पत्र्याच्या आत लाख भरलेली असते. मंगळसूत्रात काळे मणी असतात, कर्णफुलात खडे असतात, जोडांवर टाका असतो. हे सारे वजा करून निव्वळ सोने धरले जाते आणि त्याच्या किमतीच्या काही हिश्शाइतकेच पैसे हातात येतात. घरी तोळ्याची समजलेली माळ काट्यावर बरीच हलकी भरते. हिशेब चोख असेल तर कर्जदाराला एकूण वजन, वजावट आणि निव्वळ वजन असे तिन्ही आकडे लिहून मिळतात. पावतीवर फक्त ‘एक माळ’ एवढेच लिहिलेले असेल तर पुढच्या भांडणाची तयारी तिथेच झाली असे समजावे.

सोलापुरात गहाणवटीला गिऱ्हाईक कधी कमी पडले नाही, याचे कारण इथल्या मिळकतीच्या तऱ्हेत आहे. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून शहर कापडावर वाढले. नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकामागून एक बंदही पडल्या. पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे माग राहिले, चादर आणि टॉवेल यांचा धंदा राहिला आणि घरोघरी बायकांच्या सुपात विड्या वळणे राहिले. या मजुरीला आठवड्याचा हिशेब असतो, शिल्लक फारशी नसते. आजारपण आले, लग्न ठरले किंवा जून महिन्यात शाळेची फी भरायची वेळ आली की पाटल्या नाहीतर मंगळसूत्राच्या वाट्या बाहेर निघतात. ग्रामीण भागाचे गणित निराळे. जिल्हा मुळात रब्बीचा, ज्वारीचा, आता उसाचाही. ज्वारीचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि उसाचे बिल कारखान्याकडून वेळेवर येईलच अशी खात्री नसते. बी-बियाणे आणि खत यांना मात्र रोख लागते. गहाणवट ही त्यामुळे इथे घरखर्चाच्या वेळापत्रकाचाच भाग होऊन बसली आहे. पेरणीला डाग ठेवायचा आणि सुगीला सोडवायचा, हा क्रम बिघडला नाही तोवर तिच्यात वावगे काही नाही. पाऊस हुकला की क्रम बिघडतो.

तो किती बिघडू शकतो हे १८७० च्या दशकात दिसले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला चढलेला भाव युद्ध संपताच कोसळला, सरकारी सारा वाढला आणि शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे हुडकून जाळले गेले. चौकशी आयोग नेमला गेला, आणि त्याचे काम पुरे होते न होते तोच १८७६–७८ चा भीषण दुष्काळ आला. सोलापूर जिल्ह्याला त्याने फार मोठा तडाखा दिला.

यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर हे त्याचे पहिले चार जिल्हे. न्यायालयाने केवळ रोख्यावरचा आकडा न पाहता मुळात किती पैसे दिले, व्याज कसे चढवले आणि फेड किती झाली हे उकरून पाहावे, ही त्यातली सर्वांत मोलाची तरतूद. तोपर्यंत अंगठा उठवलेला कागद हाच शेवटचा शब्द असे. गावपातळीवर दस्त नोंदवण्याची सोय झाली आणि समेट घडवणारे पंच नेमले गेले. कायद्याचा भर जमिनीच्या गहाणावर होता, डागांवर नव्हे. तरी कर्जाची कुळकथा विचारण्याचा अधिकार न्यायालयाला पहिल्यांदा मिळाला तो इथे, आणि पुढच्या सगळ्या सावकारी कायद्यांचा पाया तोच आहे असे म्हणायला हरकत नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आलेल्या मुंबई सावकारी कायद्याची (१९४६) जागा आता महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याने घेतली आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अंमलबजावणी पोलिसांपेक्षा सहकार खात्याकडे जास्त आहे : तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, तोच सावकारीपुरता जिल्हा निबंधक. सावकारीच्या ओघात बळकावलेली स्थावर मालमत्ता, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तर, चौकशीअंती मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला आहे. परवानाधारकाने शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारणी कर्जावर १२ टक्के, इतरांना अनुक्रमे १५ आणि १८ टक्के, याहून जास्त व्याज लावू नये असे शासनाने २०१४ सालीच ठरवून दिले. चक्रवाढ व्याजाला मनाई आहे. दामदुपटीचा जुना दंडकही कायम आहे : व्याज म्हणून मुद्दलापेक्षा जास्त रक्कम वसूल करता येत नाही.

प्रत्यक्षात कानावर पडते ते ‘शेकडा तीन’, म्हणजे शंभराला महिना तीन रुपये. ऐकायला हलके वाटणारे हे व्याज वर्षाला ३६ टक्के होते. वीस हजारांच्या कर्जावर महिना सहाशे रुपये. परवानाधारकाच्या १५ टक्क्यांनी तेच अडीचशे होतात, शेतकऱ्याच्या ९ टक्क्यांनी दीडशे. शेकडा तीनने तेहतीस-चौतीस महिन्यांत व्याज मुद्दलाइतके होते आणि तेवढ्यात बहुतेक डाग हाताबाहेर गेलेले असतात.

विदर्भ आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यांची परवानाधारक सावकारांकडील कर्जे सरकारने भरण्याची योजना २०१५ मध्ये आली, तेव्हा सोलापूर जिल्हा तिच्यात बसला नाही, कारण महसुली विभागाने तो पुण्यात मोडतो. मराठवाड्यातल्या धाराशिवचे शिवार आणि सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे शिवार यांच्यात पावसाच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. कर्जाच्या दृष्टीने ते अंतर पडले, आणि ते अन्यायाचे होते.

आज या व्यवहाराचा मोठा भाग ‘सोनेतारण’ या नावाने बँका, पतसंस्था आणि वित्त कंपन्यांकडे गेला आहे. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्यासाठी नवे निर्देश काढले आणि ते १ एप्रिल २०२६ पर्यंत अमलात आणायचे ठरले. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला तारणाच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम, पाच लाखांपर्यंत ८० टक्के, त्यापुढे ७५ टक्के. कर्ज फिटल्यावर डाग त्याच दिवशी, फार तर सात कामकाजाच्या दिवसांत परत द्यायचे. संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. हे नियम बँकांना आणि वित्त कंपन्यांना आहेत. गल्लीतल्या पतसंस्थेवर सहकार खात्याची देखरेख असते, हा फरक सही करण्यापूर्वी लक्षात घेतलेला बरा.

पडद्यावर गहाणवटीची दोन अगदी वेगळी रूपे आली. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ मध्ये कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. सावकाराच्या कपटाने जमीन गमावून शहराच्या वाटेला लागलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ अनेकजण इथून मानतात. दुसरे रूप अमेरिकन दूरचित्रवाणीचे : हिस्टरी वाहिनीवर १९ जुलै २००९ पासून दाखवली गेलेली ‘पॉन स्टार्स’ ही मालिका. लास व्हेगासमधील हॅरिसन कुटुंबाच्या गहाणदुकानात आजोबा (२०१८ पर्यंत), वडील आणि नातू गल्ल्यावर बसत. लोक जुनी नाणी, तलवारी, सह्या केलेली पुस्तके घेऊन येतात आणि घासाघीस होते. मालिका रंजक आहे, तीतून इतिहासाची माहितीही बरीच मिळते. पण तिच्यातली बहुतेक गिऱ्हाइके वस्तू विकून मोकळी होतात. सोलापुरात पेढीची पायरी चढणाऱ्या बाईला डाग विकायचा नसतो, तो दिवाळीच्या आत परत गळ्यात हवा असतो. तिची अडचण कॅमेऱ्यासमोर मांडण्यासारखी नाही. घरातल्या घरातही ती पुष्कळदा झाकलेलीच राहते, आणि या गुप्ततेचाच फायदा बेकायदा सावकाराला मिळतो.

डाग ठेवणाऱ्याने निव्वळ वजन, कस, अंदाजे किंमत, दिलेली रक्कम आणि व्याजाचा दर लिहिलेली सहीची पावती मागून घ्यावी. कायद्याने ती द्यावीच लागते. जो देत नाही त्याच्याकडे डाग ठेवू नये, आणि ठेवून झाला असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे लेखी तक्रार करावी.