कळवणचा डांग, सोनगडचे वसतिगृह व सयाजीरावांचे उद्योगशिक्षण

१. कळवणावरून वाहणारी गिरणा पुढे मालेगाव तालुक्यात उतरते. त्याच तालुक्यातील कवळाणे गावी इ. स. १८६३ मध्ये गोपाळराव गायकवाड ह्यांचा जन्म झाला व १८७५ साली दत्तविधानाने ते बडोद्याचे सयाजीराव महाराज झाले. महाराजांच्या चरित्रावर विपुल लेखन झाले आहे. तथापि उद्योगशिक्षणाचे कारभारी ह्या नात्याने त्यांनी जे केले, त्यातील एक लहानसे प्रकरण कळवणच्या डांगाशी येऊन भिडते. तेच येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

२. प्रथम प्रसिद्ध बाजू पाहू. इ. स. १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन निघाले. त्याची धुरा रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर ह्यांच्याकडे होती. चित्रकला, सुतारकाम, रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या हे विषय देशी भाषेतून शिकवावे, म्हणजे कारागिराच्या मुलास इंग्रजीवाचून शास्त्र गाठता येईल, हा त्यातील मुख्य विचार होय. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके येथेच छायाचित्रणादी कला शिकले; त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली लोकांपुढे आला. तेव्हा कलाभवनाने विद्यार्थ्यापुढे अनेक वाटा मोकळ्या केल्या, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

३. आता अप्रसिद्ध बाजू. डांगच्या अरण्याच्या आग्नेयेस कळवण आहे, तर उत्तरेस सोनगड. अठराव्या शतकाच्या प्रथम पादात पिलाजीराव गायकवाडांनी हे ठाणे हस्तगत केले व तेथूनच गायकवाडी गुजराथेत पसरली. ज्या रानातील लोकांच्या भूमीवर हे राज्य उभे राहिले, त्यांच्याच मुलांसाठी त्याच सोनगडास १८८५ च्या सुमारास, म्हणजे कलाभवनाच्याही आधी, सरकारी खर्चाने वसतिगृह निघाले. मुलांस अन्नवस्त्र मिळे, आणि अक्षरओळखीबरोबर शेतकी व सुतारकाम शिकविले जाई. रानातील पाड्यांवरून मूल रोज शाळेत येणे शक्य नाही. त्यास शाळेतच ठेविले पाहिजे, हे मर्म कारभाऱ्यांनी ओळखिले होते.

४. ह्या दोन संस्था शेजारी ठेवून पाहिल्या असता एक शंका मनात येते व ती दडविणे इतिहासलेखकास शोभणार नाही. बडोद्याच्या मुलास रसायन व यंत्र, सोनगडच्या मुलास नांगर व करवत, अशी ही वाटणी होती. पहिले शिक्षण मनुष्यास नवीन धंद्यात नेणारे, दुसरे त्यास आहे त्या धंद्यात सुधारणारे. आमच्या मते ह्यात तुच्छताबुद्धी नव्हती. परंतु सोनगडचा हुशार मुलगा पुढे कलाभवनात जाईल, अशी पायरी दोहोंमध्ये बांधलेली दिसत नाही. महाराजांच्या कार्याचा गौरव करताना ही उणीवही नोंदली पाहिजे.

५. कळवण इंग्रजी अमलाखाली असल्यामुळे सोनगडचा कित्ता अरण्य ओलांडून इकडे आला नाही. अलीकडील बाजूस अशा कामाची उभारणी राजसत्तेने नव्हे, तर लोकसेवकांनी केली. दादासाहेब बिडकर ह्यांनी १९३७ साली डांग सेवा मंडळ स्थापिले. पुढे कळवणास एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय व शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही आली. कलाभवन १९४९ मध्ये स्थापन झालेल्या बडोद्याच्या विद्यापीठात विलीन झाले.

६. सारांश, राहण्याची सोय, हाताचे काम व स्वभाषा ह्या तीन गोष्टी शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक झाल्या होत्या. चौथी गोष्ट, म्हणजे पाड्यापासून कलाभवनापर्यंतची अखंड पायरी, त्या कारभारात राहून गेली. उद्योगशिक्षणाच्या कोणत्याही कारभाऱ्याच्या कारकीर्दीची परीक्षा करताना ही चौथी कसोटी आधी लावावी, असे आम्हांस वाटते.