‘ऑक्सफर्ड’: बैलांनी ओढलेली मोटार आणि मालकीचा प्रश्न

१/ महागडी मोटार ही ऐपतीची खूण मानावी, की उधळपट्टीची? हा वाद आजचा नाही. गांधीजींच्या वास्तव्याच्या काळात वर्ध्याने या वादाचे एक विलक्षण रूप पाहिले : इंजिन काढलेली फोर्ड मोटार आणि तिला जुंपलेले बैल. ती मोटार, तिचा धनी आणि मालकीविषयीचा एक विचार, यांची ही हकीकत.

२/ सुरुवात खेड्यापासून करावी लागते. हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर हे कापसाच्या मुलखातले गाव. या भागात मोटार येण्यापूर्वीही वाहनाला प्रतिष्ठा होतीच. कापूस वाहण्यासाठी बंडी, तर लग्नाकार्याला किंवा सोयऱ्यांकडे जाण्यासाठी हलकी दमणी. वर्धा जिल्ह्यातील गवळाऊ बैल चपळ चालीसाठी नावाजलेले. दमणीला देखणी जोडी असणे म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी असणे. वाहनावरून माणसाची किंमत करण्याची सवय मोटारीने आणलेली नाही. मोटारीने ती फक्त महाग केली.

३/ हिंदुस्थानात मोटारी आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. प्रारंभी त्या संस्थानिक, इंग्रज अधिकारी आणि बडे व्यापारी यांच्याच दारी दिसत. तिकडे अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९०८ साली ‘मॉडेल टी’ बाजारात आणली. ८५० डॉलरांची ही गाडी १९२५ पर्यंत २६० डॉलरांवर आली आणि सामान्य कामगाराच्या आवाक्यात पोहोचली. जी गाडी तिकडे कामगाराची, तीच इकडे शेठ-सावकाराची. वस्तू एक, पण चैन कोणती हे देश ठरवत होता.

४/ वर्ध्याचे जमनालाल बजाज अशाच धनिकांपैकी एक. जन्म १८८९, राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांच्या घराण्यात ते लहानपणीच दत्तक आले. सतराव्या वर्षी एका लग्नाला दागिने घालून जाण्यास त्यांनी नकार दिला. संतापलेल्या आजोबांनी संपत्तीची आठवण करून देताच, त्या संपत्तीवरचा हक्क सोडल्याचे पत्र लिहून हा मुलगा घराबाहेर पडला. पुढे समजूत घालून त्याला परत आणण्यात आले.

५/ संपत्ती परत मिळाली, पण तिच्याविषयीचा संकोच गेला नाही. इंग्रज सरकारने दिलेली ‘रायबहादूर’ ही पदवी त्यांनी असहकाराच्या काळात परत केली. १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांसाठी खुले केले. व्यापार मात्र सोडला नाही. पैसा मिळवावा, पण स्वतःला त्याचा विश्वस्त समजावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी स्वीकारला होता.

६/ ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याहून शेगावला राहायला गेले, तेही पायी. हेच शेगाव पुढे सेवाग्राम झाले. खेड्यात राहायचे तर खेडुतासारखे राहावे, हा आग्रह. पण देशोदेशीचे पाहुणे, पुढारी, पत्रकार येतच राहिले. वर्धा स्टेशनापासून काही मैलांची वाट, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. तिथे चाक रुतले की शेवटी बैलांनाच हाक मारावी लागते.

७/ या वातावरणात जमनालालजींची ती मोटार अवतरली : सांगाडा फोर्डचा, शक्ती बैलांची. इंग्रजीत बैलाला ‘ऑक्स’ म्हणतात. त्याला ‘फोर्ड’ जोडून तिचे नाव पडले ‘ऑक्सफर्ड’. विनोद उघड होता, पण त्यामागे प्रश्नही होता. मोटार विकत घेण्याची ऐपत असलेल्या माणसाने, जिथे शेजाऱ्यापाशी जेमतेम बंडी आहे तिथे, कोणत्या वाहनातून जावे?

८/ योगायोग असा, की खुद्द हेन्री फोर्ड यांनी जुलै १९४१ मध्ये गांधीजींना आदर व्यक्त करणारे पत्र पाठवले. ते हाती पडले ८ डिसेंबरला. तोवर महायुद्ध पॅसिफिकपर्यंत पसरले होते. गांधीजींनी उत्तरादाखल स्वाक्षरी केलेला चरखा पाठवला. प्रचंड उत्पादनाचा जनक आणि हातसुताचा पुरस्कर्ता यांच्यातील हा संवाद आजही थक्क करतो.

९/ या विचाराला विरोधकही होते आणि त्यांचे आक्षेप पोकळ नव्हते. समाजवाद्यांचे म्हणणे असे, की विश्वस्ताच्या सद्सद्विवेकावर सारे सोडले तर मालकी जिथल्या तिथेच राहते. शिवाय गांधीजी स्वतः आगगाडीने आणि मोटारीने प्रवास करीत. त्यांचे उत्तर साधारणपणे असे, की विरोध यंत्राला नाही, यंत्राच्या वेडाला आहे. शिवणयंत्राला तर त्यांनी १९२४ सालीच अपवाद मानले होते.

१०/ जमनालालजी ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात निवर्तले. अखेरचे महिने त्यांनी गोसेवेला वाहिले होते. अवघ्या तीन वर्षांत, १९४५ साली, त्यांच्याच घराण्याची बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन उभी राहिली. तीच पुढे बजाज ऑटो झाली. १९७२ साली आलेल्या ‘चेतक’ स्कूटरसाठी मध्यमवर्गीय कुटुंबे वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. बैल जुंपलेल्या मोटारीच्या धन्याचे घराणे इंजिनावर चालणाऱ्या वाहनांसाठी ओळखले जाऊ लागले.

११/ यात विसंगती पाहणारे पाहतील. पण ‘ऑक्सफर्ड’चा प्रश्न इंजिनाचा नव्हताच. वाहन कोणाच्या उपयोगी पडते आणि कोणाला खिजवते, एवढेच तिने विचारले होते. आज अल्लीपूरच्या वाटेवर मोटार नवलाची राहिलेली नाही. लग्नाच्या वरातीत मिरवण्यासाठी कर्ज काढून मोठी गाडी दारात उभी करावी का, हे ठरवताना वर्ध्याच्या त्या बैलांची आठवण ठेवायला हरकत नाही.